राखेखालच्या चौदा जागा

खेड, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुजयदादा,

आधी माफी मागते. तुझं पत्र मार्चमध्ये आलं आणि उत्तर आज लिहिते आहे. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. रोजनिशी लिहायला मला रोज वेळ मिळत होता. तुला लिहिताना मात्र नीट लिहावं लागतं, म्हणून टाळत राहिले. तू फोन बंद करून कपाटात ठेवतोस आणि म्हणतोस, "जहाजावर सव्वीस वर्षं घंटा ऐकल्या, आता पुरे." त्यामुळे तुला गाठायला कागदाशिवाय मार्ग नाही.

आमच्या कारखान्याला ऑगस्टमध्ये पर्यावरणाची ढाल मिळाली. दीड वर्षापूर्वी आम्ही कोळसा बंद केला आणि बॉयलरमध्ये काथ्याचा भुसा व काजूची टरफलं जाळायला लागलो, त्याबद्दल. आमचे प्लांट हेड रितेश सर वयाने चौतीस. बॉयलर त्यांनी बहुधा संगणकाच्या पडद्यावरच पाहिला आहे. ढालीच्या फोटोत मागे बॉयलर दिसावा म्हणून त्याला बाहेरून रुपेरी रंग मारला. रंगाऱ्याने आत कुठपर्यंत मारायचा असं विचारलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

दिवाळीच्या सहा दिवस आधी सुपरहीटरची एक नळी फुटली. तुला सांगायला नको, पण नीट लिहायचं म्हणून लिहिते: तयार झालेली वाफ भट्टीच्या वरच्या ज्या नळ्यांतून फिरून आणखी तापते, त्यातली एक. विठू त्या वेळी राख बघायच्या झरोक्याशी उभा होता. झरोक्याचं दार उघडलं आणि वाफ अंगावर आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. विठू आमच्याकडे बावीस वर्षं बॉयलर चालवतो.

तो दवाखान्यात असतानाच त्याला नोटीस गेली. बॉयलरमधलं पाणी कमी होऊ दिलं, म्हणून नळी तापून फुटली, असा आरोप. चौकशी ४ डिसेंबरला आहे. दोषी ठरला तर नोकरी जाईल, शिवाय त्याचा बॉयलर चालवण्याचा दाखला रद्द करा अशी शिफारस होईल. दाखला गेला तर त्रेपन्नाव्या वर्षी त्याला कुठलाच कारखाना दारात उभं करणार नाही.

फुटलेली नळी भंगारात जायच्या आधी मी तिचा वीतभर तुकडा कापून ठेवला. एका बाजूला जाडी शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला, जिथे राखेचं घट्ट ढेकूळ चिकटलं होतं, तिथे ती कागदासारखी झाली आहे. क्रोमियमचं चांगलं पोलाद आहे हे, उष्णता सोसणारं म्हणून मुद्दाम आणलेलं. पाणी कमी पडलं तर नळी अशी एकाच अंगाने खाल्ली जाते का? तू उत्तर दे. इथे कुणाला विचारलं की आधी "तुम्ही का विचारताय?" असं विचारतात.

तुझी भाची शमिका बरी आहे. बारावीचा अभ्यास करते असं म्हणते.

तुझी,
निशिगंधा

---

हेदवी, १५ नोव्हेंबर

अगो निशे,

आठ महिन्यांनी भावाची आठवण झाली, तीही नळी फुटली म्हणून. असो. लोक देवालाही असेच आठवतात.

तुझ्या त्या रितेशला माझा निरोप सांग. सुपरहीटरमध्ये पाणी नसतं, वाफ असते. बॉयलरमधलं पाणी कमी झालं तर आधी खालच्या, भट्टीच्या भिंतीतल्या नळ्या जातात. त्या बेडकासारख्या फुगतात आणि मग फाटतात, आणि एकटीदुकटी नाही, शेजारणींना घेऊन. तुझी नळी फुगलेली नाही. ती कुरतडली गेली आहे. हा फरक माझ्या जहाजावरचा तेल पुसणारा खलाशी डोळे मिटून, बोटाने चाचपून सांगायचा. तुमच्याकडे ढाल मिळवणारी माणसं आहेत, एवढाच फरक.

काय झालं ते ऐक. असं पोलाद जगतं ते अंगावरच्या पातळशा सायीवर. हवेतला प्राणवायू आणि पोलादातलं क्रोमियम मिळून ती साय धरते आणि आतल्या लोखंडाला झाकते. आता तुझ्या इंधनातला खार धुराबरोबर वर गेला आणि नळीवर बसला. त्यावर राख बसली. राखेखाली तो खार वितळून काकवीसारखा झाला आणि त्याने साय खाल्ली. मग त्यातलं क्लोरीन आत शिरलं. ते लोखंड खातं, बाहेर येतं, लोखंड टाकून देतं आणि मोकळं होऊन पुन्हा आत शिरतं. जेवून हात धुऊन पुन्हा दुसऱ्या पंगतीला बसणारा पाहुणा पाहिला आहेस ना, तसं. संपतच नाही. आणि वरून काही दिसत नाही, कारण वर राखेची गोधडी. आमच्याकडे जहाजावर हाच धंदा जाड तेलाच्या राखेने व्हायचा. वाफ जितकी जास्त तापवाल तितकी भूक वाढते.

आता मुख्य प्रश्न. दर वर्षी बॉयलर बंद ठेवून नळ्यांची जाडी मोजतात. तुमच्याकडे कोणी मोजलंन? कारण काही महिन्यांत जाडजूड नळी कागदासारखी होत नाही. मोजताना ती अर्धी गेलेलीच असणार. ज्या गाढवाने मोजलंन, त्याने ढेकळं फोडलीच नाहीत. जिथे नळी आपणहून स्वच्छ होती तिथे यंत्र टेकवलंन, आणि जिथे राख चिकटत नाही तिथे पोलाद धडधाकटच असतं! रोग्याचा भाजलेला पाय सोडून चांगला पाय तपासणारा डॉक्टर. रितेशला काही कळत नाही, तो क्षम्य. हा मोजणारा शिकलेला असणार, म्हणून त्याला क्षमा नाही. त्याचं नाव शोध आणि चौकशीत सर्वांसमोर घे.

सुजय

---

खेड, २४ नोव्हेंबर

प्रिय सुजयदादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पंगतीच्या पाहुण्यावर हसले, पुढे हसले नाही.

राखेचं ढेकूळ कारखान्यातल्या माझ्या प्रयोगशाळेत नेलं. कुटून शुद्ध पाण्यात घातलं, गाळलं, वर सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. क्लोराईड. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलगी करेल असा हा प्रयोग. दीड वर्षात तो करावा असं मला एकदाही सुचलं नाही. भुशाची ओल आम्ही रोज मोजतो, कारण ओल्या भुशाचे पैसे कापून घेता येतात.

रविवारी विठूकडे गेले. मंडणगडच्या रस्त्यावर आत तीन किलोमीटर त्याचं घर आहे. पडवीत बसला होता, हात गुंडाळलेला. मला पाहून उठायला लागला. त्याची बायको विमला म्हणाली, "बसा खाली. म्याडम काय तुमचा मुजरा घ्यायला आल्या न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "व्हय ना बाय?"

मी म्हटलं, "विठू, पाण्याचं काय झालं होतं?"

"पानी भरलेलं व्हतं. पान्याची काच बगूनच मी चाय घेतली. बावीस वर्सं काच बगतंय मी. बायकोचं तोंड कमी बगितलं आसंल."

"त्येच्यानंच संसार टिकला," विमला आतून म्हणाली.

विठू हसला नाही. म्हणाला, "म्याडम, मे म्हैन्यात मी काय बोललो व्हतो?"

मी मान हलवली. आता ते तुला सांगते.

मे महिन्यात बॉयलर बंद होता तेव्हा विठू माझ्याबरोबर आत शिरला होता. हातातल्या हातोडीने त्याने नळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "आयका. चांगली नळी टणकन वाजते. ही बदबद वाजते. ह्या ढेकळाखाली बगा, वर काय बगता?" मी म्हटलं, बघू. ढेकळं छिन्नीने फोडायला दोन माणसं आणि तीन दिवस लागणार होते. आठ दिवसांचा बंद रितेश सरांनी तीन दिवसांवर आणला होता आणि तिसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. नळ्यांवर मोजायच्या चाळीस जागा ठरलेल्या असतात, एका नळीवर एक, तेलरंगाने आकडे घातलेल्या. सव्वीस जागा तारेच्या ब्रशने साफ झाल्या. त्या मी मोजल्या, मापं घेणं प्रयोगशाळेकडेच असतं. चौदा जागा ढेकळांखाली होत्या. तक्त्यात त्यांचे चौकोन रिकामे राहिले असते तर बॉयलर चालू करता आला नसता. मी प्रत्येकीसमोर शेजारच्या नळीचं माप लिहिलं. एकाखाली एक अगदी सारखे आकडे वाईट दिसतात म्हणून शेवटचा अंक थोडा बदलत गेले.

हे शेवटचं वाक्य मी रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही.

फुटलेली नळी त्या चौदांपैकी आहे. खाली सही माझी आहे. दादा, तुझ्या त्या गाढवाचं नाव तू मला शोधायला सांगायची गरज नव्हती, ते माझ्या पत्राच्या खालीच होतं.

निशिगंधा

---

हेदवी, २९ नोव्हेंबर

निशी,

मागचं पत्र लिहिताना मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर शब्द वेगळे वापरले असते. मत तेच असतं.

आता मोठा भाऊ म्हणून सांगतो ते ऐक. गप्प राहा. चौदा जागा कोणत्या, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. नळी भंगारात गेली, तुकडा तुझ्याकडे आहे, तो खाडीत टाक. तू बोललीस तर विठू सुटेल असं तुला वाटतं. सुटणार नाही. ते दोघांनाही काढतील आणि वर्तमानपत्रात 'कठोर कारवाई' म्हणून छापून आणतील. तुला घर चालवायचं आहे, शमिका बारावीला आहे, आणि खोटा अहवाल देणाऱ्या बाईला दुसरी प्रयोगशाळा ठेवून घेत नाही.

विठूचं मी बघतो. गुहागरला बर्फाच्या कारखान्यात ओळख आहे. गेटवर बसायचं काम देतील. खुर्ची, पंखा, सगळं.

पाणी कमी होतं की नव्हतं ते विठूने सिद्ध करावं. तुला कोणी काही विचारलं तर अहवालात आहे तेच, एवढं बोल.

सुजय

---

खेड, ७ डिसेंबर

सुजयदादा,

तुझा सल्ला मी तंतोतंत पाळला. शाबासकी दे.

चौकशी बैठकीच्या खोलीत झाली. ढाल कपाटावर होती, कोणी तरी तिला धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घातली आहे. मला विचारलं, मे महिन्यातली मापं समाधानकारक होती का? मी म्हटलं, "अहवालात आहे तसं." चौकशी अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि रितेश सरांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

मग विठूने परवानगी मागितली. "म्याडमना येक इचारायचंय." उभा राहिला. पट्टी सोडलेली आहे, हाताचा रंग काजूच्या कोवळ्या पानासारखा झाला आहे. "म्याडम, मे म्हैन्यात मी तुमाला ढेकूळ दावला व्हता का न्हाय?"

मी म्हटलं, "नक्की आठवत नाही."

दादा, माझी आठवण कशी आहे ते तुला माहीत आहे. तू कुठल्या साली कुठल्या बंदरातून मला काय पाठवलंस ते मी तारखेसह सांगेन. विठूलाही माहीत आहे. तो भांडला नाही. "बरं," म्हणाला आणि खुर्ची मागे ओढून बसला. निकाल १७ तारखेला आहे.

घरी आले आणि स्वतःला विचारलं की हे कोण बोललं. रितेश सरांना मी वर्षभर हसत आले. त्यांना कळत नाही म्हणून हसले. मला कळतं, म्हणजे माझ्यावर हसायला जास्त जागा आहे. आणि तुझ्यावरही. मोजणारा परका होता तोवर तुला त्याचं नाव चव्हाट्यावर हवं होतं. तो घरचा निघाल्यावर तुकडा खाडीत टाकायचा. बावीस वर्षं बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला पंख्याखाली बसवून तू त्याच्यावर उपकार केल्याचं श्रेयही घेतोस.

आणखी एक. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढली. रितेशला शिव्या आहेत, ढालीला आहेत, मोजणाऱ्याला आहेत. इंधनात खार कुठून आला, तो कोणी विकला, याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. एरवी तू कुणालाच सोडत नाहीस, म्हणून मी काल गेटवरची आवक वही पाहिली. काथ्याच्या भुशाचे अकरा ट्रक हेदवीहून आलेले आहेत. कंत्राटदार मधला माणूस आहे, माल भरल्याची जागा वहीत लिहावी लागते. हेदवीत काथ्याचं काम किती जण करतात?

निशिगंधा

---

हेदवी, ११ डिसेंबर

निशी,

एकच जण करतो.

निवृत्तीनंतर नुसतं बसवेना, म्हणून यंत्र घातलं, हे तुला सांगितलं होतं. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात सहा-सहा महिने कुजत घालतो, त्याशिवाय काथ्या सुटत नाही. काथ्या विकला जातो आणि भुशाचा डोंगर मागे राहतो. त्या डोंगरावर गवत उगवत नाही, एवढा तो खारट. कंत्राटदार आला, म्हणाला बॉयलरला जाळायला हवाय. मी भरून दिला. कुठल्या बॉयलरला ते विचारलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं.

जहाजावर तेलातला खार काढायला आम्ही तेल गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचो. मी स्वतः ते यंत्र चालवलेलं आहे. भुसाही एक पावसाळा उघड्यावर धुऊ दिला असता तर निम्म्याहून जास्त खार गेला असता. मला ठाऊक होतं. बॉयलर माझा नव्हता.

तुला गप्प राहा म्हटलं ते शमिकासाठी, असं लिहिलं. तेही खरं आहे. पण अर्धं.

सोबत माझ्या सहीचा कागद आहे. भुसा कुठला, किती महिने खाऱ्या पाण्यात होता, केव्हा दिला, सगळं त्यात आहे. तू तुझं लिहिणार असलीस तर तो जोड. नसलीस तर फाडून टाक. माझा कागद एकटा पुढे करून स्वतः मागे राहिलीस तर मी तुला ओळखणार नाही. बर्फाच्या कारखान्याचं लिहिलं होतं, ते वाचून हसली असशील. हस.

सुजय

---

खेड, १५ डिसेंबर

प्रिय सुजयदादा,

हसले नाही. कागद मिळाला.

माझं निवेदन चार वेळा लिहिलं. पहिल्यात बंद तीन दिवसांवर आणल्याचं इतकं सविस्तर होतं की वाचणाऱ्याला वाटलं असतं रितेश सरांनीच यंत्र हातात धरलं. दुसऱ्यात माझी चोवीस वर्षांची सेवा होती. तिसरं वाचून मलाच माझी दया आली, ते चुलीत घातलं. चौथं एका पानाचं आहे. चौदा जागांचे क्रमांक, समोर मी लिहिलेले आकडे, आणि ते मोजलेले नव्हते हे. विठूने ढेकूळ दाखवलं होतं आणि चौकशीत मी खोटं बोलले, हेही. खाली राखेच्या तपासणीचा निष्कर्ष, आणि सुपरहीटरमध्ये पाणी नसतं हे एक वाक्य. ते तुझं आहे.

आज सकाळी ते रितेश सरांना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"मॅडम, यात तुमचाच लॉस आहे."

"हो."

"मग का देताय?"

मी म्हटलं, "सर, तेरा नळ्या अजून आत आहेत." दुरुस्तीत त्यांनी एकच बदलली आणि गेल्या महिन्यात बॉयलर पुन्हा चालू केला. त्या तेरांबद्दल मीही काल रात्रीपर्यंत विचार केला नव्हता. विठूच्या जागी हल्ली दुसरा माणूस त्याच झरोक्याशी उभा राहतो. मी माझी सही, माझी लाज, माझी नोकरी याच गोष्टी उलटसुलट करत बसले होते.

ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. ते होऊ दे, मग सविस्तर बोलू." निवेदन त्यांनी खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. एका पानाला कुलूप! त्याच्या तीन प्रती मी आधीच काढल्या होत्या. माझ्यासारख्या बाईला सगळे नियम पाठ असतात, चौदा जागा सोडून.

तिथून अर्धी रजा टाकून विठूकडे गेले. एक प्रत त्याला दिली. त्याने विमलाकडे दिली, तिने मोठ्याने वाचली. क्रमांक आणि आकडेसुद्धा, एकही न गाळता. संपल्यावर विठू म्हणाला, "आता आठवलं व्हय?"

मी म्हटलं, "तेव्हाही आठवत होतं."

"ते मला ठावं हाय." मग म्हणाला, "सगळ्यांम्होरं मला खोटा पाडलात, म्याडम. हात बरा व्हईल."

विमलाने कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "गाडी चुकंल तुमची." मी उठले. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती. ती तशीच घेऊन परत आले. मागितली असती तर त्याला काही तरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेही काम मी त्याच्यावरच टाकलं असतं.

शमिकाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू कॉपी केलीस?" मी हो म्हटलं. ती ताट उचलून घासायला गेली. नेहमी मला घासावं लागतं.

तुझा कागद निवेदनाला जोडला आहे. माझं नाव आधी, तुझं नंतर.

निकाल परवा आहे. उद्याचं काम एकच: पहिल्या एसटीने सरकारी बॉयलर निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन निवेदन देणे आणि शिक्क्याची पोच घेणे.